ओल्या गठ्ठ्याचं वजन

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढं सरकावं, कारण ही गोष्ट आवाज चढवून सांगण्यातली नाही. देवाचं नाव घ्या, मांडी नीट घाला आणि मन इकडं द्या. एका बाईची गोष्ट सांगायची आहे. तिनं एक दान कबूल केलं, ते द्यायला ती निघाली, आणि तिच्याच अंगानं तिला घरच्यांसमोर खोटं पाडलं.

सगळे तिला ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणे, गोदामातली माणसं म्हणत, रद्दी विकायला येणारे तिच्या वडिलांच्या वयाचे म्हातारेसुद्धा ताईच म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी आली, ती तिथलीच झाली. वर राहायचं घर, खाली भावाचं रद्दीचं गोदाम, आणि गोदामाच्या तोंडाशी काट्याची खोली. खोली म्हणायची आपली. तीन बाजूंना काच, एका बाजूला भिंत, आत एक उंच स्टूल आणि स्टुलावर ताई. बाहेर जमिनीत बसवलेला लोखंडी वजनकाटा. गठ्ठा काट्यावर यायचा, ताई समोरचा आकडा बघून वजन पुकारायची, गठ्ठा पुढं सरकायचा, दुसरा यायचा. दिवसभर तिचा फक्त गळा आणि डोळे काम करायचे. बाकीचं शरीर नुसतं बसून राहायचं, आणि बसलेलं शरीर काय करतं ते तुम्हाला ठाऊक आहे. स्टूल होतं तेवढंच राहिलं. ताई मात्र वर्षावर्षाला त्याच्या दोन्ही अंगांनी थोडी थोडी बाहेर येत गेली.

त्या घराचा एक नेम होता. विकणारा हुज्जत घालायला लागला, घरून मोजून आणलंय म्हणाला, की भाऊ हसून म्हणायचा, माझंही राहू द्या, तुमचंही राहू द्या, काटा काय म्हणतो ते ऐकू. आणि वाद तिथं संपायचा. घरातही तेच. वहिनी बाजारातून काहीही आणो, वर जिना चढायच्या आधी पिशवी काट्यावर टेकवायची. माणसाच्या शब्दाला तिथं मान होता, पण तो काट्याच्या खालचा.

अशा घरात भावाच्या किडन्यांनी काम सोडलं.

चालता-बोलता, पहाडासारखा माणूस. गठ्ठा एका हातानं फिरवणारा. तो आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन हाताला नळ्या लावून अर्धा अर्धा दिवस खुर्चीत पडायला लागला. रक्त बाहेर येणार, यंत्रातून धुतलं जाणार, परत आत जाणार. आणि पाणी बंद. अगदी बंद नव्हे, पण दिवसाला एका छोट्या बाटलीतलं, तेही घोट घोट. तहानेनं तो ओठांवरून जीभ फिरवायचा आणि दुसरीकडं बघायचा. तेव्हापासून घरात न ठरवता एक रीत पडली: भावाच्या डोळ्यांसमोर कुणी पाणी प्यायचं नाही. पाण्याचा जग टेबलावरून गेला. प्यायचं ते आत, ओट्याशी, पाठ करून. वहिनी नळाखाली भांडं धरताना आत फडकं ठेवायची, धार वाजू नये म्हणून.

वहिनीनं तर पहिल्याच दिवशी आपली किडनी पुढं केली होती. तिचा रक्तगट जुळला नाही. दवाखान्याच्या जिन्यावर बसून ती रडली होती, आणि वर येऊन नवऱ्याला म्हणाली होती की डोळ्यात काहीतरी गेलं.

ताईची जुळली.

ते कळलं त्या दिवशी घरात ताईला कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं, एवढंच. वहिनीनं तिचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. ताई "हो" म्हणाली. प्रश्न आलाच नव्हता, उत्तर आधीच जाऊन बसलं. ते खोटं नव्हतं बरं का. भावाला तिनं कडेवर घेऊन वाढवलं होतं. पण "हो" सोडून दुसरा शब्द ठेवायला त्या घरात जागा नव्हती, हेही तितकंच खरं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. बाकी सगळं उत्तम, पण वजन जास्त. पाच किलो उतरवा, म्हणजे तुम्हालाही धोका कमी, मग पुढची तारीख बघू, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी वहिनीला बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि खुर्ची ताईजवळ ओढली.

"तुमच्यावर घरातून दबाव आहे का?"

ताई नाही म्हणाली.

"मी हे प्रत्येकाला विचारते. आज नाही तर उद्या, अगदी ऑपरेशनच्या सकाळी जरी नको वाटलं, तर मला एकटीला सांगायचं. मी घरच्यांना एवढंच सांगेन की तपासणीत बसत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही."

ताईनं मान हलवली आणि घरी आली. पण येताना ती ते दार डोक्यात घेऊन आली. तिला त्यातून बाहेर जायचं नव्हतं. तरीही ज्या घरात आजवर दार नव्हतं तिथं एकाएकी एक दार झालं, आणि ते पाहिल्यापासून तिला भिंती दिसायला लागल्या.

मागच्या गल्लीत एक मास्तर राहायचे. शाळेत जन्मभर कवायत शिकवून निवृत्त झालेले, अंगानं काडी, आवाजानं नगारा. भावासाठी म्हटल्यावर ते आनंदानं तयार झाले. सकाळी गोदाम उघडायच्या आधी त्यांनी ताईला जिन्यापाशी उभं केलं. चढा, उतरा, चढा, उतरा. मग बैठका, मग हात वर, हात बाजूला. शिट्टी त्यांच्या गळ्यात होतीच. ताई वाकायची कमी झाली की फुंकायचे. गोदामातली माणसं येऊन बघायला लागली, तेव्हा मास्तरांनी त्यांनाही बैठका काढायला लावल्या, मग कुणी येईनासं झालं.

दुखेल, एवढं मास्तर म्हणाले होते. दुखेल तेव्हा समजायचं की अंग शिकतंय. पण वजनाचं ते काही बोलले नाहीत. त्यांच्या घरी काटाच नव्हता, आणि वजन वाढण्याशी त्यांची आयुष्यात कधी ओळख झाली नव्हती.

दुखलं तरी किती दुखावं. दुसऱ्या दिवशी ताई अंथरुणातून उठायला गेली आणि मांड्यांनी नकार दिला. जिना चढवत होता, पण उतरवेना, म्हणून ती कठड्याला धरून पाठमोरी उतरायला लागली. स्टुलावर बसताना ती काचेला हात टेकून स्वतःला हप्त्याहप्त्यानं खाली सोडायची. एकदा बसली की उठायच्या विचारानंच डोळ्यांत पाणी. केस विंचरायला हात वर जाईनात. शिंक आली तर पोटाला धरून आधी देवाला हाक मारायची. कुणी विकणारा विचारायचा, ताई, बरं नाही का, तर म्हणायची, बरी व्हायला लागलेय, म्हणून दुखतंय.

ती चुकली नाही एक दिवस. जेवणही निम्मं केलं. संध्याकाळची बिस्किटं सोडली, साखर सोडली. आठवडा भरला तेव्हा वहिनी सकाळी खालचा छोटा काटा घेऊन वर आली. दोघी उत्साहानं त्याच्यावर वाकल्या.

वजन सव्वा किलो वाढलं होतं.

वहिनीनं काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवला. तेच. मग ती स्वतः उभी राहिली, तिचं होतं तेवढंच भरलं. मग पिठाचा डबा ठेवून पाहिला. काट्याचं काही चुकत नव्हतं.

वहिनी तेव्हाच तोंडानं बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तिनं ताईचं ताट स्वतः वाढायला घेतलं. बिस्किटांचा डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, आणि किल्ली वहिनीच्या कमरेला. ताई न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिली तर दाराबाहेर पावलं थांबायची. गोदामात कुणी चहा आणला की वहिनी वरच्या खिडकीतून बघायची, साखरेचा की बिनसाखरेचा. ताई काचेच्या खोलीत बसलेली. काचेतून तिला सगळे दिसायचे, आणि आता तिच्या लक्षात आलं की काचेतून ती सगळ्यांना दिसते.

पुढच्या खेपेला आणखी अर्धा किलो वाढलं.

त्या सकाळी भाऊ झोपलेला होता. वहिनीनं काटा भिंतीशी सरकवला, पदरानं हात पुसले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, द्यायची नसेल तर तोंडानं सांगा. काट्याकडून कशाला सांगवताय?"

"अगं, मी खात नाही गं. तूच वाढतेस ना."

"मी वाढते ते मला ठाऊक आहे. जे मी वाढत नाही ते काटा सांगतो."

वहिनी वाईट नव्हती, हे ध्यानात ठेवा. तिच्या नवऱ्याचा चेहरा दिवसेंदिवस मातीच्या रंगाचा होत होता, आणि ज्या एका माणसाच्या हातात त्याचा जीव होता ते माणूस काट्यावर चढून रोज जड होत होतं. तिनं आयुष्यभर एकाच साक्षीदारावर विश्वास ठेवला होता आणि तो साक्षीदार तिला सांगत होता की ही बाई तुला फसवतेय.

आणि ताईचं काय झालं, तर तिलाही तो साक्षीदार खरा वाटायला लागला. तीही त्याच घरात, त्याच काट्यापाशी म्हातारी होत आलेली. ती स्वतःचीच उलटतपासणी घ्यायला लागली. मी झोपेत उठून खाते का? माझ्या मनात नाही म्हणून अंग ऐकत नाही का? कारण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. पहिल्यांदा तो वाढलेला आकडा दिसला तेव्हा छातीत धस्स झालं होतं, पण त्या धस्स होण्याच्या मागे, अगदी मागे, कुणीतरी हळूच श्वास सोडला होता. आता जमणार नाही, आणि त्यात माझा दोष नाही. तो श्वास तिनं ऐकला होता. तेव्हापासून ती देवापुढं बसली तरी डोळे वर करत नव्हती. दुखऱ्या पायांनी जिना चढायची आणि मनात म्हणायची, देवा, मी खरंच देतेय का नुसती देतेय असं दाखवतेय, ते तूच एकदा सांगून टाक. देव बोलत नव्हता. काटा बोलत होता.

अशात एक विकणारा गठ्ठे घेऊन आला. वरून खडखडीत कोरडे, पण गोदामातल्या माणसानं आत हात घातला तर ओल लागली. रद्दीच्या धंद्यात हे रोजचंच. पाणी मारलं की कागद पितो, आणि गठ्ठा जड भरतो. घरी त्यावर ठरलेला इलाज होता: भांडायचं नाही, गठ्ठा सोडायचा, पत्र्यावर उन्हात पसरायचा, वाळवायचा आणि मग काट्यावर घ्यायचा. माणसांनी गठ्ठा सोडून पसरला. संध्याकाळी तोच गठ्ठा परत काट्यावर आला, ताईनं ओल्यापेक्षा बराच उतरलेला आकडा पुकारला, आणि पुकारता पुकारता तिचा हात आपल्या दुखऱ्या मांडीवर गेला.

माझ्या अंगात पाणी आहे, तिच्या मनात आलं.

आता बघा हं गंमत. तिला रोग कळला होता अगदी बरोबर. शिकल्यासवरल्या माणसाला पुस्तक उघडून कळलं असतं ते तिला कागदाच्या गठ्ठ्यावरून कळलं. चुकलं ते औषध. माणूस म्हणजे रद्दी नव्हे, हे त्या घरात कुणाला सुचलं नाही, कारण वजन वाढवणाऱ्या ओलीवर त्यांना एकच उपाय माहीत होता.

ताईनं स्वतःला वाळवायला घेतलं.

पाणी तोडलं. घसा फारच कोरडा पडला तर चूळ भरून थुंकायची. घरात कुणी उघड पाणी पीतच नव्हतं, त्यामुळं कुणाच्या लक्षात यायचा प्रश्न नव्हता. गठ्ठ्यांवर घालायचं जाड प्लास्टिक तिनं अंगाला गुंडाळलं, वरून स्वेटर घातला, आणि मास्तर गेल्यावरही जिना चढत-उतरत राहिली. घामानं आतून निथळायची. ताठ झालेले पाय आणखी ताठले. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला. तिला वाटलं, मळ जातोय. डोकं ठणकायचं. आकडे पुकारताना जीभ टाळूला चिकटायची. एकदा एकाच गठ्ठ्याचं वजन तिनं दोनदा पुकारलं, आणि विकणारा प्रामाणिक होता म्हणून त्यानंच सांगितलं.

पण काटा उतरला. आधी वाढलेलं सगळं गेलं, आणि वर आणखी गेलं.

वहिनी काट्यावरच्या आकड्याकडं बघत राहिली आणि मग तिनं ताईला धरून पाटावर बसवलं. ताईचे हात अजून डोक्यापर्यंत पोचत नव्हते, म्हणून तिनं स्वतः तिचे केस विंचरले, वेणी घातली. घालताना एका हातानं ताईची हनुवटी जरा वर धरली, लहान मुलीची धरतात तशी. ताईला वाटलं, एवढ्यासाठी आणखी कितीही दिवस तहान काढीन. तिला हे कळत होतं की आता थांबता येणार नाही. घोटभर पाणी प्यायलं की उद्या काटा चढणार, आणि काटा चढला की कमरेची किल्ली कधीच सुटणार नाही.

अशी ती तपासणीला गेली. भावाचा खुर्चीचा दिवस होता, म्हणून तिघं एकदमच गेली. भाऊ वरच्या मजल्यावर आपल्या खुर्चीत, वहिनी त्याच्यापाशी. ताईचं खाली रक्त घेतलं. वजन बघून परिचारिका छान म्हणाली. मग रक्ताचा कागद आला, आणि डॉक्टरबाईंनी तिला एकटीला आत बोलावून दार लावलं.

तुमच्या किडनीवर ताण आला आहे, त्या म्हणाल्या. रक्तातले आकडे चढलेत. स्नायू झिजल्याच्या खुणाही आहेत. मागच्या वेळी यातलं काही नव्हतं, काय केलंत?

ताईनं सांगितलं. जिना, बैठका, वाढलेला काटा, ओला गठ्ठा, प्लास्टिक, चूळ, सगळं. सांगताना शब्द ओठांना चिकटत होते. डॉक्टरबाईंनी ऐकता ऐकता कपाळाला हात लावला, पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, न हललेलं अंग एकदम हलवलं की स्नायूंना आत बारीक बारीक इजा होते, म्हणून दुखतं. ती भरून काढायला शरीर तिथं पाणी धरून ठेवतं, म्हणून वजन चढतं. ती चरबी नाही. काही आठवड्यांत आपोआप उतरतं. पाणी प्यायचं, व्यायाम बेतानं करायचा, आणि काट्याकडं जरा दुर्लक्ष करायचं. "तुम्ही पाणी काढायला गेलात, आणि जी वस्तू द्यायची तीच वाळवत बसलात."

मग त्या म्हणाल्या, आज मी वर जाऊन जमत नाही एवढंच सांगितलं तरी ते खोटं ठरणार नाही. हवं असेल तर सांगा.

दार पुन्हा उघडं होतं, आणि या वेळी त्याच्यावर खऱ्या कागदाची मोहोर होती. ताई त्या दाराकडं बघत बसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर विश्वास ठेवला होता. अंग खोटं बोलत नव्हतं. ती चोरून खात नव्हती. तेवढ्यानंच तिला रडू आलं, पण डोळ्यांत पाणीच नव्हतं.

मला वर जाऊन आधी भावाशी बोलू द्या, एवढं ती म्हणाली.

वर भाऊ नळ्यांना जोडलेला, शेजारी वहिनी. ताईचा चेहरा बघूनच वहिनी उठून उभी राहिली. ताईनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं की रक्तात दोष निघाला, आत्ता घेता येत नाही, पाण्यामुळं वजन वाढलं होतं आणि पाणी तोडल्यामुळं हे झालं. वहिनीचा चेहरा दगडासारखा झाला. ती हळूच म्हणाली, दोन दोन किलो पाणी? दुखऱ्या पायांत? कोण विश्वास ठेवेल, वन्सं?

भावाच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. दोघींना वाटलं, दुखतंय. तो हसत होता.

"अगं, मी आठवड्यातून तीनदा इथं वजन वाढवून येतो आणि उतरवून जातो. आल्यावर काट्यावर उभं करतात, जाताना उभं करतात. सकाळपासून आत्तापर्यंत माझं दोन किलो गेलं. ते काय असतं, मी रात्री उठून बिस्किटं खातो का?"

वहिनी त्याच्याकडं बघत राहिली. इतके महिने ती त्या खोलीत बसत होती. तो काटा तिनं प्रत्येक खेपेला पाहिला होता, तो आकडा तीच फोनवर सगळ्यांना सांगत होती. आणि ताईला दुसऱ्या काट्यावर उभं करताना तिला यातलं काही आठवलं नव्हतं.

भावानं परिचारिकेला हाक मारून पाणी मागितलं. तिनं कपाळावर आठी घातली, तेव्हा म्हणाला, मला नको, हिला. मोठा पेला भरून आला. त्यानं तो मोकळ्या हातात घेतला आणि ताईपुढं धरला. पेला धरतानासुद्धा त्याची जीभ ओठांवरून फिरली.

"पी."

"तुझ्यासमोर नको रे."

"समोरच. महिने झाले, माणसाला पोटभर पाणी पिताना मी बघितलं नाही. तुम्ही सगळे ओट्याशी पाठ करून पिता, मला काय कळत नाही? चोरासारखं वाटतं मला माझ्या घरात. पी, मी बघतो."

ताई प्यायली. घोट घोट नाही, गटागटा. भाऊ तिच्या गळ्याकडं बघत होता आणि त्याचा स्वतःचा गळा तिच्याबरोबर वरखाली होत होता. पेला रिकामा झाला तेव्हा त्यानं सुस्कारा सोडला, जणू तोच प्यायला. मग म्हणाला, "ताई, तुला कुणी विचारलंच नव्हतं. चूक माझी. आता विचारतो. द्यायची आहे का?"

वहिनी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"मला भीती वाटते," ताई म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. भीती वाटते, एवढं एकदा कुणाला तरी सांगायचं होतं."

भाऊ म्हणाला, "सांगितलंस. आता घरी जा, पाणी पी, झोप काढ. हो-नाहीचं मग बघू. नाही म्हणालीस तरी काट्यावर तूच बसायचीस, दुसरं कुणी इतका खणखणीत आकडा पुकारत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाण्याचा भरलेला जग घेऊन खाली काट्याच्या खोलीत आली आणि स्टुलाशेजारी ठेवून उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. शेवटी म्हणाली, "पाय अजून दुखतात का हो?" ताई म्हणाली, दुखतात. वहिनी खाली बसली आणि तिच्या पोटऱ्या दाबायला लागली. बाहेर विकणारे खोळंबले, कुणी खाकरलं, तरी ती उठली नाही.

पुढचं सगळं डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच झालं. ठणका ओसरला. ताई जिना सरळ तोंडानं उतरायला लागली. मास्तरांनी शिट्टी कमी केली. वजन काही दिवस रुसून बसलं, मग एका सकाळी उतरायला लागलं आणि उतरतच गेलं, पाणी पिऊनही. रक्तातले आकडे जागेवर आले. एका संध्याकाळी ताईनं भावाच्या खाटेवर बसून आपणहून सांगितलं की तारीख घ्या. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरबाईंनी तिला शेवटचं एकटीला गाठून तोच प्रश्न विचारला. ताई म्हणाली, "भीती वाटते. चला."

दोघंही बरी होऊन घरी आली, हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण ही गोष्ट मी तिथवर नेणार नाही. मी थांबणार त्या सकाळी, दवाखान्याच्या त्या बोळात. एका दारानं भावाला आत नेलं, शेजारच्या दारानं ताईला. दोन्ही दारं मिटली. त्या दोघांसाठी सगळी गल्ली देवाला आळवत होती, मास्तरसुद्धा. मधल्या बाकावर वहिनी एकटी बसली होती. डावीकडं नवरा, उजवीकडं ती, जिच्यावर तिनं चोरीचा आळ घेतला होता, आणि कुठल्या दाराकडं बघावं हे तिला कळत नव्हतं. म्हणून ती आपल्या दोन हातांकडं बघत बसली.

एवढं करा. तुमच्या घरचं कुणी आजारी असेल, तुम्ही डोळे मिटून त्याच्यासाठी देवाला हाक माराल, औषध देणाऱ्यासाठी माराल, रक्त देणाऱ्यासाठी माराल. ती हाक संपायच्या आधी, मधल्या बाकावर बसलेल्या त्या वहिनीची एकदा आठवण काढा.